मॉडेलवर बसली, तोंडात नाही बसली: एका दाढेच्या कॅपचं प्रकरण

कॅप मॉडेलवर इतकी छान बसली होती की मी तिचा फोटो काढून ठेवला. पुण्याच्या लॅबमधून दातांचं प्रिंट केलेलं मॉडेल आणि झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप एकाच डबीत आलं होतं, भिंगाखाली धरून सगळ्या बाजूंनी बघितलं, कुठे फट नाही, बोटाने दाबून बघितलं तर हलत नाही. मग पेशंट मावशींना खुर्चीत घेतलं, टेम्पररी कॅप काढली, दाढ साफ केली, नवी कॅप ठेवली आणि मागच्या बाजूने एक्सप्लोररचं, म्हणजे आमच्या अणकुचीदार हत्याराचं, टोक फिरवलं तर ते कॅपच्या कडेखाली जाऊन अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. पुढून, गालाकडून, जिभेकडून सगळीकडे गुळगुळीत आणि मागे मात्र सरळ पायरी लागत होती.

हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण तोंडात फिरवून दातांचं माप घेणारा स्कॅनर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींशी बोलताना वेळ किती वाचतो, पेशंटला मापाच्या ट्रेचा त्रास कसा होत नाही, हे सगळं बोलून होतं, आणि ते खरंही आहे, पण एक गोष्ट फार कमी बोलली जाते की स्कॅनमधली चूक चुकीसारखी दिसतच नाही. मला ती या दाढेने शिकवली. पेशंटची परवानगी घेतलीय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

माझा दवाखाना वडूजला, सातारा जिल्ह्यात. मावशी ५४ वर्षांच्या, अंगणवाडीत मदतनीस, गाव बरंच आत, सकाळची एसटी चुकली की दुपारशिवाय दुसरी नाही. शुगर आठ वर्षांपासून. मिश्री लहानपणापासून, आणि जेवणानंतर सुपारी. सुपारीमुळे तोंड नीट उघडत नव्हतं, आपण साधारण तीन बोटं उभी जातात का बघतो, त्यांची दोन जेमतेम जात होती. येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, ह्या खालच्या उजव्या दाढंची टोपी हालतीया, आन् वास मारतोय, मानसांत बोलायची लाज वाटती." नऊ वर्षांपूर्वी रूट कॅनल करून वर मेटलची कॅप बसवलेली होती. ती काढली तर मागच्या बाजूने आत कीड लागलेली आणि ती हिरडीच्या खाली गेलेली.

आरव्हीजी काढला. या छोट्या डिजिटल एक्स-रेवर रूट कॅनलचं फिलिंग मुळाच्या टोकापर्यंत व्यवस्थित, टोकाशी काळा डाग नाही, ठोकून दुखत नाही, सूज नाही. म्हणजे रूट कॅनल परत करायची गरज नव्हती. मावशींचा भाचा पुण्यात असतो, त्याने फोनवर विचारलं की मॅडम, थ्रीडी स्कॅन काढून घेऊया का, खर्च मी देतो. त्याची काळजी मला कळत होती. पण हा थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, मुळांच्या आतलं कोडं सोडवायला लागतो, चुकलेला कॅनल शोधायचा असेल, टोकाशी गाठ असेल, अक्कलदाढ नसेला चिकटलेली असेल, तेव्हा. इथे कोडं मुळात नव्हतंच, ते वरच्या कडेला होतं, आणि ते डोळ्याला आणि साध्या एक्स-रेला दिसत होतं. शिवाय शेजारच्या मेटलच्या फिलिंगमुळे सीबीसीटीत काळे-पांढरे पट्टे येतात, त्यात कधीकधी नसलेली क्रॅकही दिसते. साध्या आरव्हीजीचा डोस आपल्याला निसर्गातून रोज मिळतो साधारण त्याच्याच आसपास, सीबीसीटीचा त्यापेक्षा बराच जास्त. त्याला हे सगळं सांगितलं, त्याला पटलं. डिजिटल म्हणजे असेल नसेल ते सगळं वापरायचं असं मला कधीच वाटलं नाही.

स्कॅनर मात्र या पेशंटसाठी अगदी योग्य होता, हे मी आजही म्हणेन. आधीच्या कॅपच्या वेळी पुट्टीचा ट्रे तोंडात गेल्यावर त्यांना इतकं उमळून आलं होतं की तीनदा माप घ्यावं लागलं, ते त्या अजून विसरल्या नव्हत्या. आमच्याकडे आधी माप घ्यायचं, डबीत घालायचं, कुरिअरने किंवा लॅबच्या मुलाबरोबर पाठवायचं, उन्हाळ्यात डबी कुठे किती वेळ तापतेय ते आपल्याला कळत नाही, आणि तिकडून माप फाटलंय असा फोन आला की पेशंटला पुन्हा बोलवायचं. मावशींच्या बाबतीत पुन्हा बोलवणं म्हणजे एक खाडा आणि दोन्ही बाजूंचं एसटीचं भाडं. फाइल पाच मिनिटांत पुण्याला पोचते, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर काम होतं. म्हणून मी त्यांना म्हणाले की मावशी, या वेळी फक्त दोनदा यावं लागेल.

तो शब्द मीच मोडला.

झालं असं. कीड साफ करून कोअर (कॅपच्या आतला भरीव आधार) बांधला, दाढेला कॅपसाठी आकार दिला. मागच्या बाजूची कड हिरडीखाली साधारण एक मिलिमीटर गेली, तिथून हाड आरव्हीजीवर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त लांब होतं म्हणजे हिरडीची सर्जरी लागणार नव्हती, आणि चांगल्या दाताची दोन मिलिमीटरची भिंत सगळीकडून मिळत होती. इथपर्यंत काम चांगलं झालं होतं. पण सव्वाबारा वाजले होते, बाहेर चार पेशंट, मावशींची एक वाजताची गाडी, आणि हिरडी हात लावेल तिथे रक्त देत होती. हिरडी बाजूला सारायचा दोरा घातला, एकच, घाईत, औषध लावून दोन मिनिटंही थांबले नसेन. दोरा काढल्यावर मागून पुन्हा रक्त आलं, असिस्टंटने हवा मारली, मी स्कॅनर फिरवला. त्यातून त्यांच्या मागच्या दाढेने पुढे मान टाकलेली, म्हणजे आमच्या दाढेची मागची कड तिच्या सावलीत, आणि तोंड दोन बोटं उघडतंय, स्कॅनरचं तोंड मागे वळवायला जागाच नाही. तरी स्क्रीनवर दाढ आली, रंगीत, चकचकीत, कुठे भोक नाही. मावशींना दाखवली, त्या खूश, मी खूश, त्या गाडीला पळाल्या.

संध्याकाळी लॅबमधून व्हॉट्सॲपवर मेसेज आला, मागचं मार्जिन (कॅप जिथे टेकते ती कड) नीट कळत नाहीये, अंदाजाने घेतो, चालेल का. मी पेशंटच्या तोंडात हात असताना मान वळवून फोन बघितला आणि नंतर अंगठा पाठवला. लॅबने विचारलं होतं, डिझाइन करणाऱ्या मुलाने त्याचं काम केलं होतं. उत्तर माझं होतं, त्यामुळे दुसऱ्या कॅपचा खर्चही मी माझ्याकडेच घेतला, ना लॅबकडे ना मावशींकडे मागितला.

आता त्या दिवसाकडे परत येते, एक्सप्लोरर अडकला तिथे. कॅप सिमेंट न लावता तशीच दाढेवर ठेवून बाइटविंग आरव्हीजी (दोन दातांमधली कड दाखवणारा एक्स-रे) काढला. झिरकोनिया एक्स-रेवर पांढराशुभ्र दिसतो, त्याच्या खाली मागच्या बाजूला दाताची करडी पट्टी उघडी दिसत होती, जवळजवळ अर्धा मिलिमीटर. कॅपच्या कडेची फट किती असली तर चालते यावर १९७१ मध्ये मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी एक हजारापेक्षा जास्त कामं पाच वर्षं बघून १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा आकडा दिला होता, तो आम्हाला कॉलेजमध्ये पाठ करायला लावतात. इथे त्याच्या चौपट उघडं होतं. हा एक्स-रे पुढून-मागूनचं दाखवतो, गालाकडची किंवा जिभेकडची फट त्यात लपते, तिथे एक्सप्लोररच लागतो. आमची फट मागे होती म्हणून दोन्हीत सापडली.

खरं सांगायचं तर एक क्षण मनात आलं की सिमेंट भरपूर लावू, भरून निघेल. बाहेर रांग होती, मावशी एवढ्या लांबून आलेल्या, आणि वरून बघणाऱ्याला कॅप एकदम सुंदर दिसत होती. पण सिमेंट तिथे हळूहळू झिजतं, मग तिथे अन्न अडकतं, शुगरच्या पेशंटची हिरडी, आणि कीड परत त्याच जागी, जिच्यासाठी त्या मुळात आल्या होत्या. आणि झिरकोनियाची कड कमी पडली तर तिला नंतर जोडून वाढवता येत नाही. ती ब्लॉकमधून २० ते २५ टक्के मोठी कापतात, मग १५०० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजून ती आकसून मापाला येते, जास्त असेल तर डायमंडने घासता येईल, कमी पडलेलं कमीच राहतं.

त्यांना टेम्पररी कॅप परत बसवून संध्याकाळी मी जुना स्कॅन उघडला. पहिल्यांदा नेहमीसारखा रंगीत बघितला, काही कळलं नाही. मग रंग काढून टाकला, फक्त करडा प्लास्टरसारखा ठेवला, झूम केलं, आणि लगेच दिसलं. तिन्ही बाजूंना कड धारदार, कागदाची घडी घातल्यासारखी. मागे येता येता ती गोल होते, विरघळते, आणि दाढेपासून हिरडीपर्यंत एक गुळगुळीत उतार. तो उतार म्हणजे रक्ताचं तळं होतं. रंगात ते लाल हिरडीत मिसळून गेलं होतं.

स्कॅनर काय करतो हे नीट समजून घेतलं तर हे असं का झालं ते कळतं. तो प्रकाश टाकतो, परत आलेला प्रकाश टिपतो, एका मिनिटात शेकडो-हजारो तुकडे घेतो आणि एकमेकांवर येणाऱ्या आकारांवरून सॉफ्टवेअर ते शिवतं. प्रकाश जिथे सरळ पोचत नाही ती जागा त्याच्यासाठी नाहीच. रक्त असेल, थुंकी असेल, तर तिचा वरचा पृष्ठभाग हाच त्याला दाताचा पृष्ठभाग वाटतो. आणि लहानसहान भोकं सॉफ्टवेअर आजूबाजूचं बघून स्वतः बुजवतं. ही अडचण नवी नाहीये. फ्रान्समध्ये दुरे यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात प्रकाशाने दाताचं माप घ्यायची कल्पना मांडली आणि १९८५ मध्ये झुरिक विद्यापीठात मोरमन यांनी, इंजिनिअर ब्रँडेस्टिनी यांच्याबरोबर बनवलेल्या मशीनवर, पेशंटला खुर्चीत बसवून त्याच वेळी सिरॅमिकचं फिलिंग कापून बसवलं, तेव्हाही दात चमकतो म्हणून कॅमेऱ्याला नीट दिसत नसे आणि त्यावर पांढरी पावडर उडवावी लागायची. आता पावडर गेली. दात कोरडा आणि उघडा करून द्यायचं काम अजून आपल्याकडेच आहे.

सिलिकॉनच्या मापात वेगळं होतं. लाइट बॉडी, म्हणजे त्यातलं पातळ सिलिकॉन, ट्रेच्या दाबाने हिरडीच्या फटीत शिरते, बाजूला ढकलते, सरळ रेषेत दिसत नसलेल्या जागीही पोचते. रक्ताने तिलाही त्रास होतो, पण मग मापात बुडबुडा दिसतो, कड फाटलेली दिसते, हातात धरल्याबरोबर कळतं की हे गेलं, परत घ्या. माझ्या स्कॅनमध्ये तीच चूक गुळगुळीत होऊन आली होती. आणि मॉडेल? मॉडेल त्याच फाइलवरून प्रिंट झालं होतं ज्या फाइलवरून कॅप कापली. दोघांत एकच चूक, मग एकमेकांवर बसणारच ना. मी तासभर त्या दोघांचं जुळणं बघून खूश होत होते आणि त्यातून दाढेबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. तेव्हापासून एका कॅपसाठी मी लॅबला मॉडेल प्रिंट करायलाच सांगत नाही, तेवढे पैसे वाचतात आणि खोटी खात्रीही मिळत नाही.

मावशींना हे सांगणं भाग होतं. त्या दिवशी खुर्चीत असतानाच सांगितलं होतं की ही टोपी मागून आखूड झालीय, माप घेताना माझ्याकडून घाई झाली, ही बसवली तर दोन वर्षांत परत हेच होईल. एक्स-रे स्क्रीनवर मोठा करून दाखवला, पांढरं कुठे संपतं आणि खाली काय उघडं राहतंय ते बोट ठेवून. त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मग नगं ती. नीट व्हईल तवाच बसवा. पर मला गुरवारी बोलवू नगा, पोषण आहाराचा दिस असतोय." त्या रागावल्या नाहीत हे माझं नशीब, पण त्यांचा विश्वास बसला तो स्क्रीनमुळे, हेही खरं. तीच स्क्रीन, जिच्यावर आधी मी त्यांना सुंदर रंगीत दाढ दाखवली होती.

दुसऱ्या वेळी मी सुरुवात स्कॅनरपासून केलीच नाही. आधी शुगर. उपाशीपोटी दोनशेच्या वर निघाली, गोळ्या मध्येच बंद केल्या होत्या कारण संपल्या आणि आणायला कोणी गेलं नाही. आमच्या इथल्या फिजिशियन सरांकडे पाठवलं, गोळ्या परत सुरू झाल्या. पूर्ण तोंडाचं क्लीनिंग केलं, मिश्रीचे काळे थर निघाले. टेम्पररी कॅप नवीन बनवली आणि यावर मी मुद्दाम वेळ घालवला, कारण पहिली टेम्पररी कडेला खडबडीत होती आणि तीच हिरडीला रोज टोचत होती, रक्त येण्याचं निम्मं कारण तिथेच होतं. कड पॉलिश केली, मागे दाढांमध्ये ब्रश जाईल एवढी जागा ठेवली आणि तो छोटा ब्रश कसा घालायचा ते त्यांच्याच हाताने करून घेतलं. तीन आठवडे थांबलो. परत आल्या तेव्हा हिरडी गुलाबी, प्रोब (हिरडीची खोली मोजायची सळई) फिरवला तरी रक्त नाही.

मग क्रम बदलला. भूल द्यायच्या आधीच, टेम्पररी कॅप तोंडात असताना, खालचा वरचा जबडा आणि दात मिटल्यावरचा बाइट स्कॅन करून घेतला. पहिल्या वेळी बाइट भूल दिल्यावर घेतला होता, आणि अर्धा जबडा सुन्न असताना माणूस कुठेतरी भलतीकडेच चावतो, हे मला माहीत असून मी केलं होतं. आता सगळं शांतपणे घेतल्यावर स्कॅनमधून फक्त त्या एका दाढेचा भाग कापून टाकला. भूल दिली, टेम्पररी काढली, सगळ्यात बारीक दोरा तळाशी घातला तो तसाच ठेवायचा, त्याच्यावर रक्त थांबवणाऱ्या ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये भिजवलेला जरा जाड दोरा, आणि घड्याळ लावून पाच मिनिटं. पाच मिनिटं खुर्चीशेजारी नुसतं बसणं किती कठीण जातं ते दवाखाना चालवणाऱ्यालाच कळेल. मग धुतलं, वाळवलं, वरचा दोरा ओलसर करून हळूच काढला आणि आता स्कॅन करायचं ते फक्त एवढ्याशा भागाचं, वीस सेकंदांचं काम, रक्त यायच्या आत. मागची कड सावलीत होती त्याला उपाय म्हणून स्कॅनरचं लहान टोक लावलं, जे बॉक्समध्ये पहिल्यापासून पडून होतं आणि मी कधी उघडलंच नव्हतं, आणि असिस्टंटने आरशाने गाल बाजूला धरला. मावशींना म्हणाले, तोंड जरा मिटा. उलटं वाटेल, पण खालच्या मागच्या दाढांना तोंड अर्धवट मिटलं की गाल सैल पडतो आणि जागा मिळते.

स्कॅन झाल्यावर त्यांना उठू दिलं नाही. रंग काढला, करडं केलं, झूम केलं, कड पूर्ण फिरून बघितली. मागे जिभेच्या कोपऱ्यात अजून एक ठिकाण गोल वाटलं, तेवढंच कापलं, वाळवलं, परत घेतलं. मार्जिनची रेषा या वेळी मी स्वतः आखली आणि मग फाइल पाठवली. लॅबच्या डिझाइन करणाऱ्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला, त्याने त्याच्या स्क्रीनवर तीच रेषा फिरवून दाखवली, मावशी अजून खुर्चीतच होत्या. तो म्हणाला, मॅडम, आता शंका नाही. हे आता आमच्यात ठरूनच गेलंय, शंका असेल तर मेसेज करायचा नाही, फोन करायचा, आणि तोही पेशंट जायच्या आधी.

या सगळ्यात अजून एक लक्षात आलं. इतके दिवस आम्ही फाइलला पेशंटचं पूर्ण नाव आणि गाव देऊन पाठवत होतो, आणि ती लॅबच्या किती फोनवर फिरत असेल देव जाणे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ चा आलाय, आणि कायदा नसता तरी हे बरोबर नव्हतंच. आता फाइलला नंबर असतो, नाव आमच्या रजिस्टरमध्ये.

दुसरी कॅप आली तेव्हा मॉडेल नव्हतं, थेट तोंडात बघितली. एक्सप्लोरर चारी बाजूंनी फिरला, कुठे अडकला नाही. बाइटविंगवर मागची कड दातावर टेकलेली. मागच्या झुकलेल्या दाढेशी फ्लॉस खट् आवाज करून गेला आणि तसाच निघाला. दातांमध्ये धरून चावायच्या ४० मायक्रॉनच्या रंगीत कागदावर एकच ठिपका गडद आला, पाणी मारत बारीक डायमंडने उतरवला आणि तिथे पॉलिश केलं, कारण झिरकोनिया खरखरीत राहिला तर समोरच्या दाताला खातो. सिमेंट लावायच्या आधी आतून थुंकी-रक्त नीट साफ केलं, रेझिन मॉडिफाइड ग्लास आयोनोमर सिमेंटने बसवली, फटीतलं जास्तीचं सिमेंट गाठ मारलेल्या फ्लॉसने ओढून काढलं. मावशींच्या एकूण फेऱ्या पाच झाल्या, सांगितल्या होत्या दोन.

सहा महिन्यांनी त्या आल्या, न बोलवता, रविवारी, बाजारासाठी आलेल्या. हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली मागे तीन मिलिमीटर, रक्त नाही. आरव्हीजीवर हाड होतं तिथेच. नवीन स्कॅन घेऊन बसवल्या दिवशीच्या स्कॅनवर टाकून बघितला, समोरच्या वरच्या दाढेची झीज कुठे वाढलेली दिसली नाही. मिश्री पूर्ण सुटली नाही, दिवसातून दोनदा होती ती आता सकाळी एकदा. सुपारी मात्र सोडली म्हणतात, तोंड दोन बोटांपेक्षा जरा जास्त उघडतंय, पण तोंड उघडायच्या व्यायामाच्या काड्या रोज लावत नाहीत हे त्यांनी स्वतःच सांगितलं. गालाच्या आत पहिल्यापासून असलेल्या पांढरट पट्ट्याचा फोटो काढून मागच्या फोटोशेजारी ठेवलाय, फरक नाही, तरी दर तीन महिन्यांनी तो बघायचाच असं ठरवलंय, आणि पुढची तारीख अंगणवाडीच्या दिवाळीच्या सुट्टीत धरलीय, गुरुवार सोडून.